३८व्या आठवड्यात कळा आणायची तारीख मिळाली आहे. त्याआधी आपसूक कळा सुरू व्हाव्यात म्हणून काय करू?

पहिलटकरीण_सातारा

नमस्कार. पहिलंच बाळंतपण आहे आणि डोक्यात नुसता गोंधळ झालाय, म्हणून जरा लांबण लावून लिहिते.

आज ३७ आठवडे १ दिवस. माहेरी साताऱ्याला आले आहे. २६व्या आठवड्यात ग्लुकोजचं पाणी पाजून शुगर तपासली, ती दोन तासांनी १६८ आली. तेव्हापासून पथ्य, मग गोळी, आणि ३३व्या आठवड्यापासून रात्री झोपताना इन्सुलिनची ६ युनिटं. टोचून टोचून बोटांचे शेंडे खरखरीत झालेत. पण आकडे बरे आहेत. उपाशीपोटी ८८ ते ९३, जेवणानंतर दोन तासांनी ११० ते ११८. भात जवळजवळ बंद, ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी आणि ताक यांवर आहे.

परवाच्या सोनोग्राफीत बाळ ३ किलो १०० ग्रॅम, पाणी ठीक, डोकं खाली. डॉक्टर म्हणाल्या, इन्सुलिन सुरू आहे, बाळ वाढतंय, उद्याचा सोडून पुढच्या मंगळवारी ॲडमिट हो, आपण कळा आणू. म्हणजे ३८ आठवडे २ दिवस. आतून तपासून "तोंड अजून बंद आहे, मागे आहे" एवढंच सांगितलं. बाहेर बायकांची रांग लागलेली, मला पुढचं विचारायला सुचलंच नाही.

घरात प्रत्येकीचं वेगळं. आजी म्हणते गरम दुधातून एरंडेल घे, तिला सुईणीने प्रत्येक खेपेला दिलं होतं. सासूबाईंचा रोज फोन असतो, खजूर सुरू केलास का, रोज सहा खा. शेजारच्या काकूंनी अननस आणून ठेवलाय. नणंद म्हणते उकिडवं बसून फरशी पूस, जिने चढ. एक मैत्रीण म्हणाली नवऱ्याला बोलावून घे. तो पुण्याला असतो, शनिवार-रविवारी येतो.

मला धास्ती कळा आणायच्या ड्रिपची आहे. माझ्या मामेबहिणीला ड्रिप लावली, अठरा तास कळा काढल्या आणि शेवटी सिझर झालं. ती अजून तो दिवस सांगताना रडते. माझ्या हातात आठ दिवस आहेत. ज्यांनी यातून काढलंय त्यांनी कृपा करून सांगा, काय करू?


दोघांची_आई_डोंबिवली

अगं, घाबरू नकोस. माझ्या धाकट्याच्या वेळी ४० आठवडे उलटले होते आणि गुरुवारची तारीख दिलेली. मी ३६व्या आठवड्यापासून खजूर खात होते आणि रोज संध्याकाळी तासभर चालायचे. बुधवारी पहाटे आपोआप कळा सुरू झाल्या. खजुराने झालं, चालण्याने झालं की व्हायचंच होतं, देव जाणे. पण मला शुगर नव्हती आणि ते दुसरं बाळंतपण होतं, हे लक्षात घे. तुझ्यासारख्या परिस्थितीतल्या कुणीतरी सांगितलेलं जास्त बरं.


लेबररूमची_सिस्टर

बाळा, मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्याच्या लेबररूममध्ये काढली, आता निवृत्त आहे. तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या आजीच्या एरंडेलापासून सुरुवात करते, कारण आज रात्री ती वाटी तुझ्या हातात येऊ नये असं मला वाटतं.

एक पहिलटकरीण पहाटे तीनला रिक्षातून आली होती. सोबत तिची आई, हातात टॉवेल. रात्री आठला एरंडेल घेतलेलं, दहापासून जुलाब. बाई इतकी गळून गेली होती की टेबलावर चढवायला आम्ही दोघी लागलो. ओठ पांढरे, जीभ कोरडी, नाडी १२०. पोटात मुरडा येत होता, त्यालाच त्या कळा समजल्या होत्या. मी आतून तपासलं, तोंड बंद. दोन बाटल्या सलाईन चढवून सकाळी ती जरा बोलायला लागली. खऱ्या कळा आल्या तिसऱ्या दिवशी, आणि तेव्हा जोर करायला तिच्या अंगात त्राण नव्हतं. एरंडेलाने आतडं ढवळून निघतं, त्यासोबत कधी गर्भपिशवीही आवळते, हे खोटं नाही. पण कधी आवळेल, किती आवळेल, हे कुणाच्या हातात नसतं. तू इन्सुलिनवर आहेस. रात्रभर जुलाब, उलट्या आणि पोटात अन्न नाही, अशात इन्सुलिन घेतलेलं असेल तर शुगर धाडकन खाली जाईल. आजीला माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, सिस्टर नको म्हणतेय.

आता तोंड बंद, मागे म्हणजे काय ते. आपल्या नाकाच्या शेंड्याला बोट लावून बघ. मग ओठाला लाव. गर्भपिशवीचं तोंड तयार नसतं तेव्हा आमच्या बोटांना नाकाच्या शेंड्यासारखं लागतं, तयार व्हायला लागलं की ओठासारखं मऊ. शिवाय ते मागून पुढे यावं लागतं, आखूड व्हावं लागतं, थोडं उघडावं लागतं आणि बाळाचं डोकं खाली बसावं लागतं. या पाच गोष्टींना गुण द्यायची पद्धत बिशप नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६४ मध्ये मांडली, आजही तीच चालते. १३ पैकी ८ किंवा जास्त असतील तर कळा आणणं सोपं जातं. ६ किंवा कमी असतील तर आधी तोंड मऊ करावं लागतं, जेलने, गोळीने किंवा फुग्याच्या नळीने, आणि ड्रिप त्यानंतर. तुझ्या बहिणीचं काय झालं ते मला इथून कळणार नाही. पण नाकाच्या शेंड्यासारख्या तोंडावर सरळ ड्रिप लावली की तास जातात, बाई थकते आणि तोंड हलत नाही, हे मी खूपदा पाहिलं आहे. म्हणून पुढच्या वेळी रांग असली तरी विचार: माझा बिशप स्कोअर किती?

खजुराबद्दल सासूबाई अगदीच चुकीचं बोलत नाहीत. जॉर्डनमध्ये ६९ बायकांनी शेवटचे चार आठवडे रोज सहा खजूर खाल्ले. त्यांच्यातल्या ९६ टक्के जणींना आपसूक कळा आल्या, न खाणाऱ्यांत ७९ टक्के जणींना. २०११ मध्ये हे छापून आलं. पाहणी छोटी आहे, आणि चार आठवडे म्हणजे चार आठवडे, तुझ्याकडे आठच दिवस. त्यात तुझी शुगर. अडीच महिने भात सोडून जे आकडे आणलेस ते रोजच्या सहा खजुरांनी घालवू नकोस. शेवटच्या दिवसांत आईची शुगर चढती राहिली तर जन्मल्यावर बाळाची शुगर पडते. सासूबाईंना फोनवर हेच सांग, त्या समजून घेतील.

अननसाने जळजळ होईल, बाकी काही नाही. पाहुण्यांना द्या.

नवऱ्याने जवळ येण्याबद्दल: मलेशियात हजाराहून जास्त बायकांवर तपासून पाहिलं, कळा लवकर येण्यात फरक दिसला नाही. वार (प्लासेंटा) खाली नसेल आणि पाणी गेलेलं नसेल तर वाईटही काही नाही. तो आला तर कंबर चोळून दे म्हणावं.

चालणं मात्र कर. प्रत्येक जेवणानंतर वीस मिनिटं, सपाटीवर, पायात चप्पल घालून. कळा येतील असं वचन मी देत नाही, पण शुगर खाली राहील आणि पाय मोकळे होतील. जिने आणि फरशी सोड. बाळंतपण म्हणजे रात्रभराचं काम असतं, झोप साठवून ठेव.

सगळ्यांत महत्त्वाचं आता. कळा लवकर कशा येतील हे तू विचारतेस. मी तुझ्या जागी असते तर डॉक्टरांना उलट विचारलं असतं: माझी शुगर ताब्यात आहे, बाळाचे ठोके चांगले आहेत, तर ३९ आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबता येईल का? नसेल तर कशासाठी? ३९च्या आधी जन्मलेल्या बाळांना श्वासाचा आणि शुगर पडण्याचा त्रास जास्त होतो, आणि मधुमेही आईच्या बाळाची फुफ्फुसं कधी कधी उशिरा तयार होतात. औषधावर शुगर नीट असेल तर ३९वा आठवडा ही बऱ्याच ठिकाणी मान्य असलेली वेळ आहे. बीपी चढलेलं असेल, पाणी कमी झालं असेल, शुगर हाताबाहेर असेल, तर गोष्ट वेगळी, मग डॉक्टर सांगतील त्या दिवशी जायचं. ते कारण तुझ्या डॉक्टरांनाच माहीत असणार, म्हणून भांडायला जाऊ नकोस, विचारायला जा. आणि ती पाच दिवसांची मोकळीक मिळाली तर तोंड आपोआप मऊ व्हायला तेवढा वेळ मिळतो. घरगुती उपायांत मला याहून मोठा उपाय माहीत नाही.

आणखी एक विचार. आतून तपासताना डॉक्टर बोटाने पाण्याच्या पिशवीचा पडदा कडेने सुटा करतात, त्याला स्वीप म्हणतात. दुखतं, थोडं रक्ताळ जातं, पण औषधाविना कळा सुरू होण्याची शक्यता त्याने खरंच वाढते. तोंडात बोट जाण्याइतकी जागा हवी, म्हणून तो उद्या होणार नाही.

बाळाचं हलणं कमी झालं, पाणी गेलं, लाल रक्त गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे काजवे आले, तर तारखेची वाट न बघता त्याच क्षणी निघायचं. रात्रीचे दोन वाजले असले तरी.


लेस्टरची_मराठी_आई

सिस्टरांचं उत्तर वाचून गहिवरून आलं. मी मूळची सांगलीची, इथे इंग्लंडमध्ये माझं बाळंतपण झालं, मलाही तुझ्यासारखीच शुगर. इथे ३९ आठवडे झाले की सुईण स्वतःहून स्वीपबद्दल विचारते. माझे दोन झाले, दुसऱ्यानंतर रात्री कळा आल्या. पण मी लिहितेय ते वेगळ्या कारणासाठी.

मला ३६व्या आठवड्यापासून चीक, म्हणजे छातीत येणारं पहिलं घट्ट दूध, हाताने काढून ठेवायला सांगितलं होतं. दिवसातून दोनदा, जास्तीत जास्त दहा मिनिटं. पहिले तीन दिवस नुसता एक थेंब, मग बाटलीच्या झाकणाएवढा. एक मिलीच्या सिरिंजमध्ये ओढायचा, तारीख लिहायची, फ्रीझरमध्ये. बाळ झालं आणि तासाभरात त्याची शुगर खाली दिसली तेव्हा नर्सने पावडरच्या दुधाचा डबा मागवायच्या आत माझ्या नवऱ्याने ती सिरिंज पुढे केली. ऑस्ट्रेलियात मधुमेहाच्या ६३५ बायकांवर हे तपासून २०१७ मध्ये छापलंय. ज्यांना दुसरा काही धोका नव्हता त्यांच्या बाळांना यामुळे अपाय झाला नाही. कळा याव्यात म्हणून हे करायचं नाही, बाळाच्या पहिल्या घासासाठी करायचं.


लेबररूमची_सिस्टर

हे फार चांगलं सांगितलंत. माझ्या नोकरीत असा चीक साठवलेला मी पाहिला नव्हता. फक्त एक जोडते. स्तन चोळून कळा आणायचा उपाय जुना आहे आणि तोंड तयार असेल तर काही जणींना लागू पडतो, पण त्याने कधी कधी कळ सुटतच नाही, पोट दगडासारखं राहतं आणि बाळाचे ठोके उतरतात. जिच्या बाळंतपणात आधीच काही धोका आहे तिने तो घरी अजिबात करू नये. म्हणून चीक काढायचा तर डॉक्टरांना विचारून, दहा मिनिटं म्हणजे दहाच मिनिटं, आणि पोट घट्ट होऊन सुटेना तर लगेच बंद.


कोल्हापूरचा_वैद्य

आजींचा मान ठेवून एक सांगतो. चरकसंहितेत शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात नवव्या महिन्यासाठी मधुर औषधांनी सिद्ध केलेल्या तेलाचा अनुवासन बस्ती (गुदद्वारातून दिलेलं तेल) आणि त्याच तेलाचा पिचू (योनीत ठेवायचा तेलात भिजवलेला बोळा) सांगितला आहे. म्हणजे अंग मऊ आणि वात सरळ राहावा यासाठी आठवडे आधीपासून केलेली तयारी. आदल्या रात्री एरंडेल पाजून रेच देणं हा तो विचार नव्हे. हेसुद्धा वैद्याने, प्रसूतितज्ज्ञांना सांगून करायचं. तुमच्या बाबतीत आठ दिवस उरलेत, तेव्हा नव्याने काही सुरू करू नका. रोजचं पथ्य आणि झोप ठेवा.


पहिलटकरीण_सातारा

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल दवाखान्यात गेले होते, आज ३७ आठवडे ५ दिवस. कागदावर प्रश्न लिहून नेले होते. डॉक्टरांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या. स्कोअर ३ आहे म्हणाल्या. ३९चं विचारल्यावर शुगरची वही पूर्ण चाळली, ठोक्यांची पट्टी काढली, बीपी पुन्हा मोजलं. म्हणाल्या, ठोके दर तीन दिवसांनी तपासायचे, आकडे असेच राहिले तर ३९ आठवडे १ दिवस, सोमवारी घेऊ. शुक्रवारी स्वीप जमतो का बघू. आणि चीक काढायला हरकत नाही म्हणाल्या.

इतके दिवस मला वाटत होतं डॉक्टर रागावतील.

आजीला सिस्टरांचा निरोप सांगितला. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली तिच्या तिसऱ्या खेपेला एरंडेल घेतल्यावर ती विहिरीजवळ चक्कर येऊन पडली होती. हे तिने आईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

एक प्रश्न राहिला. कळा आणायला सुरुवात केल्यावर किती वेळाने "जमत नाही, सिझर करू" म्हणतात?


लेबररूमची_सिस्टर

शाब्बास. हा प्रश्न आधीच विचारून ठेवायचा असतो.

जेल लावलेला वेळ कळांत धरायचा नाही, तो तोंड मऊ करण्याचा वेळ. पाणी फोडून ड्रिप सुरू झाली, की आई आणि बाळ दोघं ठीक असतील तर निदान १२ तास, जमलं तर १८, थांबून बघावं असं आता सांगतात. तोंड ५-६ सेंटीमीटर होईपर्यंत पहिलटकरणीचं काम सावकाशच चालतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बाळाचे ठोके बिघडले तर मात्र घड्याळ बघत बसायचं नाही, सिझर लागलं तर लागलं. त्यासाठी मनाची तयारी आजच कर.

आणि आईला आत सोबत राहू देतील का ते विचार. कळांच्या सगळ्या वेळात एक आपलं माणूस शेजारी असलं की सिझर कमी होतात आणि वेळही कमी लागतो, हे ठिकठिकाणी तपासून झालंय. आमच्या सरकारी लेबररूममध्ये आधी बाहेरच उभं करायचे सगळ्यांना. आत माणूस यायला लागल्यावर बायका किती शांत झाल्या ते मी डोळ्यांनी पाहिलंय.


पहिलटकरीण_सातारा

मुलगी झाली. ३ किलो ३५० ग्रॅम. आज ती सहा दिवसांची आहे, मांडीवर झोपलीय, एका हाताने टाईप करतेय.

आपसूक कळा नाही आल्या. शुक्रवारी स्वीप झाला, खूप दुखला, दोन दिवस थोडं रक्ताळ गेलं आणि पोट अधूनमधून घट्ट व्हायचं, पण घड्याळ लावून मोजलं की पांगायचं. सोमवारी सकाळी स्कोअर ६ निघाला. ३चा ६ झाला होता. सातला जेल, एकला दुसरं. संध्याकाळी सहाला पाणी आपोआप गेलं, तेव्हा ४ सेंटीमीटर. आठला ड्रिप. त्या कळा कठीण होत्या, मी काही लपवत नाही. आई आत होती. ती माझ्या कंबरेवर तळवा दाबून धरायची आणि कळ उतरेपर्यंत काढायची नाही, सकाळी तिच्या मनगटाला सूज होती. मंगळवारी पहाटे २ वाजून ४० मिनिटांनी बाळ झालं, नॉर्मल.

तासाभराने टाचेतून रक्त घेतलं तर बाळाची शुगर ४२. थर्मासमध्ये बर्फात ठेवून नेलेल्या सिरिंज बाहेर काढल्या, नऊ होत्या. त्यातल्या तीन आईने हातात धरून ऊब दिली आणि सिस्टरने गालाच्या आतून थेंब थेंब सोडल्या. ती मिटक्या मारायला लागली. मग छातीशी लावलं. पुढच्या वेळी ५८. काचेच्या पेटीत ठेवावं लागलं नाही.

लेस्टरच्या ताई, ते नऊ थेंब तुमचे आहेत असं मी समजते. आणि सिस्टर, तुम्हाला काय म्हणू ते कळत नाही. मामेबहिणीला मी हे सगळं वाचून दाखवलं. "माझा स्कोअर कुणी सांगितलाच नाही गं" म्हणाली आणि बराच वेळ माझा हात धरून बसली.


लेबररूमची_सिस्टर

दोघींना खूप आशीर्वाद. आईच्या मनगटाला गरम पाण्याचा शेक दे.

बहिणीला सांग, पुढच्या खेपेला दिवस राहिले की जुने कागद घेऊन मला इथेच लिही म्हणावं. एकदा सिझर झालेल्या बाईचं कळा आणायचं गणित वेगळं असतं, तिला तुझे उपाय चालणार नाहीत.

आणि तू, सहा आठवड्यांनी बाळाला टोचायला नेशील तेव्हा स्वतःची शुगरही तपासून घे, उपाशीपोटी आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनी. बाळंतिणी हे हमखास विसरतात. आजच कॅलेंडरवर गोल कर.